मधल्या माणसाकडे नका बघू

माझा भाचा मला युद्धाचे फोटो पाठवतो आणि खाली एकच ओळ असते, "मावशी, खरा की खोटा?" वर्तमानपत्राच्या डार्करूममध्ये आणि पुढे फोटो डेस्कवर माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे या विषयात घरचं सुप्रीम कोर्ट मी. फोटो मोठा करायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि निकाल देऊन टाकायचा, एवढीच त्याची अपेक्षा. मला मुळात तो प्रश्नच पटत नाही. युद्धाच्या फोटोत खरं आणि खोटं एकाच चौकटीत सुखाने नांदत असतं. प्रेत खरं आणि जागा खोटी. जागा खरी आणि वेळ खोटी. कधी फोटोतलं सगळं खरं आणि खालची फोटोओळ तेवढी धादांत खोटी.

माझी एक सवय आहे. असा फोटो समोर आला की मी आधी मधल्या माणसाकडे बघतच नाही. फोटो काढणाऱ्याचं सगळं लक्ष त्या माणसावर असतं, काही मांडामांड करायची तर तो तिथेच करतो. कडेचे दगड, मागचे डोंगर, कुणाचं मनगट, कुणाच्या पँटची दुमड यांच्याकडे त्याचं लक्ष नसतं. पकडलं जातं ते तिथेच.

सगळ्यात गाजलेले दगड क्रिमियातल्या इंग्रज-रशियन युद्धातले. इंग्रज छायाचित्रकार रॉजर फेंटन २३ एप्रिल १८५५ रोजी सेवास्तोपोलजवळच्या एका घळीत कॅमेरा लावून उभा राहिला. रशियन तोफगोळे तिथे सतत येऊन पडायचे, म्हणून सैनिक तिला मृत्युछायेची दरी म्हणत. (इंग्रज कवी टेनिसनच्या कवितेत घोडदळ ज्या दरीत शिरतं ती ही नव्हे. लोक आजही दोन्हींची गल्लत करतात.) एकाच जागेवरून त्याने दोन फोटो काढले. एकात रस्ता मोकळा आहे आणि गोळे कडेच्या चरात पडलेत. दुसऱ्यात रस्त्यावरही गोळेच गोळे. अर्थात दुसरा गाजला. आता आधीचा कुठला? गोळे रस्त्यावर आणून टाकले, की रस्त्यावरचे उचलून नेले? पडलेले गोळे परत डागायला सैनिक ते गोळा करायचेच, त्यामुळे दोन्ही शक्यता होत्या आणि जो तो आपापल्या स्वभावाप्रमाणे उत्तर देत राहिला.

एरॉल मॉरिस हा अमेरिकन माहितीपटकार २००७ साली या प्रश्नाच्या अक्षरशः मागे लागला. थेट क्रिमियात जाऊन ती घळ शोधली, सावल्यांवरून वेळ काढायचा प्रयत्न केला. सावल्यांनी दाद दिली नाही. उत्तर दिलं ते उतारावरच्या फुटकळ दगडांनी, ज्यांच्याकडे तोवर कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दोन्ही फोटो ताडून पाहिले, तर रस्त्यावर गोळे असलेल्या फोटोत यातले काही दगड जरासे खाली घसरलेले दिसतात. दगड काही उतार चढून वर जात नाहीत. म्हणजे मोकळ्या रस्त्याचा फोटो आधीचा. मध्ये कुणीतरी त्या उतारावर वावरलं, त्यांच्या पायाने दगड ढकलले गेले आणि गोळे रस्त्यावर आले. ते फेंटनने आणवले की आणखी कुणी, एवढं मात्र दगड सांगत नाहीत. माझं मत विचाराल तर फेंटनने. त्या रिकाम्या रस्त्याच्या फोटोत बघणाऱ्याची नजर कुठे ठरत नाही, आणि ते त्यालाही दिसलंच असणार.

त्या काळचं तंत्र समजून घेतल्याशिवाय मात्र त्याला शिव्या घालू नयेत. काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, काच ओली आहे तोवर फोटो काढायचा आणि ओली आहे तोवरच धुवायची. फेंटनने यासाठी एका दारूच्या व्यापाऱ्याची जुनी घोडागाडी घेऊन तिचीच डार्करूम केली होती. एकेका फोटोला काही सेकंद लागत. धावणारा घोडा, फुटणारा गोळा, उगारलेली तलवार यांचं त्या काचेवर नुसतं धुकं उमटलं असतं. त्यामुळे त्या काळातल्या युद्धाच्या फोटोत लढाई नसतेच. लढाईनंतर जे हलत नाही ते असतं, म्हणजे पडक्या भिंती, गोळे आणि मेलेली माणसं.

आणि मेलेल्या माणसाला हलवता येतं. अमेरिकेच्या यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई १ ते ३ जुलै १८६३ ला झाली. ती संपल्यावर छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनर आणि त्याचे सहकारी तिथे पोचले. उतारावर पडलेल्या एका तरुण सैनिकाचे त्यांनी बरेच फोटो काढले. मग त्यालाच उचलून साठ-सत्तर मीटर वर नेलं, दोन खडकांमध्ये रचलेल्या दगडी आडोशाशी ठेवलं, भिंतीला बंदूक टेकवली आणि फोटो काढून खाली लिहिलं की हा लपून नेम धरणारा बंडखोर नेमबाज. जवळजवळ शंभर वर्षं कुणी शंका घेतली नाही. पुढे विल्यम फ्रासानिटो या संशोधकाने तिथले खडक ओळखून फोटो कुठून काढलेत ते नक्की केलं, तेव्हा तोच मुलगा दोन ठिकाणी मरून पडलाय हे पक्कं झालं. भिंतीला टेकवलेली बंदूकही साध्या पायदळाची, नेमबाजाची नव्हेच.

मला प्रेत हलवल्यापेक्षा पुढची कहाणी जास्त खुपते. गार्डनरने १८६६ मध्ये हे फोटो छापले तेव्हा सोबत लिहिलं की नोव्हेंबरात मी परत तिथे गेलो, तर बंदूक गंजून तिथेच आणि सांगाडाही तिथेच. नोव्हेंबरपर्यंत त्या रणांगणावरून आठवण म्हणून बटणं आणि गोळ्या उचलून नेणाऱ्यांची रीघ लागून गेली होती, आणि एवढी बंदूक म्हणे कुणालाच दिसली नाही! आमच्या डेस्कवर असली कॉपी आली असती तर उपसंपादकाने समासात एक भलंमोठं प्रश्नचिन्ह काढून परत पाठवली असती.

आता लखनौ. या फोटोपाशी मी नेहमी अडखळते. सिकंदर बागेवर कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने १६ नोव्हेंबर १८५७ रोजी हल्ला केला आणि आत सापडलेले सुमारे दोन हजार हिंदी शिपाई कापून काढले. फेलिस बीटो हा छायाचित्रकार लखनौला पोचला १८५८ च्या वसंतात, म्हणजे चार-पाच महिन्यांनी. आणि तरी त्याच्या फोटोत बागेतल्या पडक्या इमारतीसमोरच्या अंगणात हाडं पसरलेली आहेत. कवट्या, बरगड्या, मांडीची हाडं. सर जॉर्ज कॅम्पबेल या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की प्रेतं झाकून टाकलेली होती, पण फोटोसाठी छायाचित्रकाराने ती पुन्हा उघडी करायला लावली.

मग हा फोटो खोटा का? दोन हजार माणसं मेली हे खरं. त्याच आवारात मेली हेही खरं. हाडं बहुधा त्यांचीच. मांडणी तेवढी बीटोची. मी या फोटोतही हाडांकडे बघत नाही. मागे काही हिंदी माणसं उभी आहेत आणि एक घोडा आहे. माणसं अगदी स्वस्थ आहेत, कारण काही सेकंद हलायचं नाही असं त्यांना बजावलेलं असणार. कुणीतरी त्यांना उभं राहायची जागा दाखवली असेल. हाडं उकरताना हीच माणसं होती का? आपल्याच मुलखातल्या लोकांच्या कवट्यांसमोर, साहेबाने सांगितलं म्हणून ती ताठ उभी आहेत. बीटोला विजय दाखवायचा होता. तो फोटो विलायतेत विकायचा होता, आणि तशा फोटोंना गिऱ्हाईकही होतं. पण त्याने जे मांडलं नाही तेही काचेवर उतरलं. जिंकलेला माणूस हरलेल्यांची हाडं सजवून त्यांचा फोटो काढतो, त्या व्यवहाराचा हा अस्सल पुरावा आहे. हा फोटो खोटा म्हणून फेकून द्यायला मी तयार नाही. त्याखाली 'नोव्हेंबर १८५७, लढाईनंतरचं दृश्य' असं लिहिणाऱ्याचे कान मात्र धरीन.

विसाव्या शतकात कॅमेरा हातात मावायला लागला आणि सबबी संपल्या. छायाचित्रकार रॉबर्ट कापाचा, स्पेनच्या यादवी युद्धात गोळी लागून मागे कोसळणारा सैनिक तुम्ही पाहिलाच असेल. सप्टेंबर १९३६, कापाचं वय बावीस. अनेक वर्षं सांगितलं गेलं की हा ५ सप्टेंबरचा, सेरो मुरियानोच्या आघाडीवरचा. २००९ मध्ये होसे मानुएल सुसपेरेगी या स्पॅनिश प्राध्यापकाने माणूस सोडून मागच्या डोंगररांगेचा पाठपुरावा केला, तर ती रांग निघाली एस्पेहो या गावाची, पन्नासेक किलोमीटर दूर. आणि एस्पेहोला सप्टेंबरच्या सुरुवातीला लढाईच नव्हती. त्यात 'व्हू' या फ्रेंच नियतकालिकाने हा फोटो पहिल्यांदा छापला तेव्हा त्याच पानावर आणखी एक कोसळणारा सैनिक होता. माणूस दुसरा, जागा तीच, आभाळही जवळजवळ तेच. एकाच ठिपक्यावर दोन माणसांना लागोपाठ गोळी लागते, आणि पहिल्याचं प्रेत दुसऱ्या फोटोत दिसत नाही! मूळ निगेटिव्ह कधीच सापडलं नाही. कापा आणि त्याचे साथीदार छायाचित्रकार गेर्डा तारो आणि चिम यांच्या सुमारे साडेचार हजार निगेटिव्हचा हरवलेला साठा मेक्सिकोत सापडून २००७ मध्ये न्यूयॉर्कला पोचला, त्यातही ते नव्हतं.

मला वाटतं तो सराव होता. पोरं कॅमेऱ्यासाठी पडून दाखवत होती. पण याच कापाने पुढे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गोळीबारात उतरून फोटो काढले आणि १९५४ मध्ये व्हिएतनाममध्ये सुरुंगावर पाय पडून तो गेला, म्हणून त्याला भित्रा किंवा भामटा म्हणायला जीभ रेटत नाही. त्याच्या भक्तांनी मात्र त्या डोंगरांकडे एकदा नीट बघावं.

खाल्देईच्या फोटोत मला जास्त रस, कारण तिथे माझ्या धंद्यातली कारागिरी आहे. येव्हगेनी खाल्देई, सोव्हिएत छायाचित्रकार. अमेरिकन सैनिक इवो जिमा या जपानी बेटावर झेंडा रोवतायत तो फोटो पाहून त्याला तसाच बर्लिनचा हवा होता. लाल टेबलक्लॉथ मिळवले, शिवणकाम करणाऱ्या नातेवाइकाकडून त्यावर हातोडा-विळा शिवून घेतला आणि झेंडे सामानात घालून बर्लिन गाठलं. राइशस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवर, खरा झेंडा ३० एप्रिल १९४५ च्या रात्री चढला होता. खाल्देईचा फोटो २ मेचा, सैनिकांना वर नेऊन काढलेला. झेंडेवाल्याला खालून आधार देणाऱ्या सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळ होतं. दोन घड्याळं म्हणजे एक लुटीचं, असंच कुणीही म्हणणार. खाल्देईने सुई घेतली आणि निगेटिव्हवरून एक घड्याळ खरवडून टाकलं.

हे कसं होतं ते सांगते. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. तिथला थर खरवडला की काच किंवा फिल्म पारदर्शक होते, जास्त प्रकाश जातो आणि प्रिंटवर तो ठिपका काळा उमटतो. काळ्या-करड्या बाहीच्या टोकाशी असलेलं चकाकणारं घड्याळ घालवायला यापेक्षा सोपी युक्ती नाही. उलट प्रिंटवर ब्लेड चालवलं तर काळ्याचं पांढरं होतं. आम्ही दोन्ही करायचो, धुळीचे डाग आणि ओरखडे काढायला. शिवाय काळ्या कोटातला माणूस काळ्या पडद्यासमोर असला तर छपाईत दोन्ही एक होऊन जाऊ नयेत म्हणून कडेने ब्रशने बारीक पांढरी रेघ ओढायचो. सुई तीच, ब्रश तोच. धूळ काढायची की घड्याळ, एवढाच काय तो फरक. खाल्देईने पुढच्या आवृत्त्यांत मागे धूरही वाढवला. बर्लिन जळत नव्हतं असं थोडंच आहे, पण त्या क्षणी त्या कोपऱ्यात तेवढा धूर नव्हता.

ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक हर्ली या छायाचित्रकाराने तर पहिल्या महायुद्धातली, १९१७ च्या पश्चिम आघाडीवरची बारा निगेटिव्ह एका प्रिंटमध्ये जोडली. वर विमानं, मध्ये स्फोट, खाली खंदकातून निघणारं पायदळ. युद्धाचा अधिकृत वार्ताहर चार्ल्स बीन यावरून त्याच्याशी भांडला. हर्लीचं म्हणणं, एवढी लढाई एका काचेवर मावतच नाही. डार्करूमवाली म्हणून त्या हाताला मी सलाम करते, आणि वाद झाला तर मत बीनला देते.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग सगळेच खोटे. इथेच खरी गोम आहे. इवो जिमाचा फोटो घ्या. २३ फेब्रुवारी १९४५, सुरिबाची डोंगर, छायाचित्रकार जो रोझेन्थाल. त्या दिवशी लावलेला हा दुसरा झेंडा, पहिला लहान होता म्हणून बदललेला. काही दिवसांनी ग्वाममध्ये रोझेन्थालला कुणीतरी विचारलं, फोटो पोज देऊन घेतलास का? त्याने आपला छापलेला फोटो अजून पाहिलाच नव्हता. त्याला वाटलं, नंतर सैनिकांना गोळा करून काढलेल्या ग्रुप फोटोबद्दल विचारतायत. तो हो म्हणाला. त्या एका 'हो'ने बिचारा आयुष्यभर खुलासे देत राहिला. शेजारीच बिल जेनॉस्ट चलच्चित्र घेत होता. त्याच्या फिल्ममध्ये खांब एका दमात वर जाताना दिसतो, कुणी थांबत नाही, कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही. फोटो अस्सल आहे.

आणि याच अस्सल फोटोखालची नावं चुकीची होती. हौशी अभ्यासकांनी पँटच्या दुमडी, शिरस्त्राणाचे पट्टे, कमरेला लटकवलेली हत्यारं, एका हातातली लग्नाची अंगठी ताडून पाहिली. मग अमेरिकन मरीन कोअरने, म्हणजे त्या सैनिकांच्याच दलाने, २०१६ मध्ये जॉन ब्रॅडलीच्या जागी हॅरल्ड शुल्ट्झ आणि २०१९ मध्ये रेने गॅग्नॉनच्या जागी हॅरल्ड केलर असल्याचं मान्य केलं. तोवर हे दोघेही जग सोडून गेले होते.

'खोटा आहे' हे वाक्यही शस्त्र म्हणून वापरता येतं. २८ ऑगस्ट १९३७ रोजी जपानी विमानांनी शांघायचं साउथ स्टेशन उडवलं. एच. एस. वाँग या चिनी छायाचित्रकाराने उद्ध्वस्त फलाटावर एकटंच रडणारं रक्ताळलेलं मूल टिपलं आणि तो फोटो जगभर गेला. जपानने तो बनावट ठरवला. एक माणूस त्या मुलाला फलाटावर ठेवतानाचं दृश्य मिळाल्यावर तर टीकाकारांना पुरावाच मिळाला, बघा, मूल आणून बसवलंय! वाँगचं म्हणणं होतं की तो माणूस रुळांवरून मुलांना एकेक करून उचलून आणत होता, एकाला ठेवून दुसऱ्याला आणायला वळला. न्यूजरीलमध्येही तेच दिसतं. मूल कुणीतरी तिथे ठेवलेलं होतं, हे अगदी खरं. बॉम्बही खरेच होते.

भारतीय छायाचित्रकार किशोर पारेख यांच्या १९७१ च्या एका फोटोची गत याच्या उलट झाली. बांगलादेशात एक सैनिक एका माणसाच्या लुंगीत डोकावून बघतोय. हा फोटो पाकिस्तानी सैनिक हिंदू की मुसलमान ते तपासतायत म्हणून वर्षानुवर्षं फिरतोय. सैनिक भारतीय आहे, लपवलेलं शस्त्र शोधतोय. पाकिस्तानी सैन्याने तिथे केलेल्या अत्याचारांना पुराव्यांचा तुटवडा नाही, तरी लोकांना हाच फोटो हवा असतो. भाच्यानेही मला तो याच ओळीसह पाठवला होता. "वर्दी बघ," एवढंच मी लिहिलं.

संगणक आल्यावर सुईची गरज उरली नाही, आणि नजरही कामचुकार झाली. २००६ मध्ये बैरुतवरचा धूर वाढवताना रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या एका छायाचित्रकाराने धुराचा तोच तो पुंजका शिक्क्यासारखा मारत नेला. लोकांनी काही तासांत पकडलं, आणि रॉयटर्सने त्याचे सगळे, ९२०, फोटो विक्रीतून काढून टाकले. खाल्देई हसला असता. आता एआयमुळे खोटा फोटो करणं सोपं झालंय असं सगळे म्हणतात. मला जास्त काळजी खऱ्या फोटोला 'एआयचा आहे' म्हणून झटकून टाकणाऱ्यांची वाटते. शांघायच्या वेळी त्यासाठी एका सरकारला खटाटोप करावा लागला होता.

सध्या माझं लक्ष आहे ते व्हिएतनामच्या फोटोवर. ८ जून १९७२, त्रांग बांग, नापाम या आगीच्या बॉम्बने भाजलेली मुलगी रस्त्यावरून धावत येतेय. तो प्रसंग घडला याबद्दल कुणालाच शंका नाही, वाद आहे तो फोटो कुणी काढला याचा. इतकी वर्षं नाव निक उट यांचं. आता दावा असा आहे की बटण दुसऱ्याच एका कंत्राटी छायाचित्रकाराने दाबलं. वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांना पुरस्कार देणाऱ्या संस्थेने मे २०२५ मध्ये श्रेय स्थगित केलं. ज्या वृत्तसंस्थेचा तो फोटो, त्या एपीने मात्र उट यांचं नाव बदलण्याइतका पुरावा नाही असं म्हणत ते कायम ठेवलंय. त्याच एपीच्या तपासात तो फोटो बहुधा पेंटॅक्स कॅमेऱ्याने घेतला असावा असं निघालं, आणि उट त्या दिवशी लायका आणि निकॉन वापरल्याचं सांगत आलेत. कॅमेऱ्याच्या आतली चौकट निगेटिव्हच्या कडांवर उमटते आणि प्रत्येक बनावटीची चौकट थोडी वेगळी असते, म्हणून हे कळू शकतं. धावपळीच्या दिवशी बाहेरच्या पोरांचे रोल आमच्याकडेही यायचे. रोलच्या डबीवर नाव घालायचं काम डार्करूमचं, आणि ज्याचा रोल तो तेव्हा बाहेर चहा पीत उभा असायचा, नाहीतर पुढच्या कामावर गेलेला असायचा. हा वाद इतक्यात मिटेल असं मला वाटत नाही.